कान दुखला म्हणून ती वर आली, ते बरोबरच केलं

तुमचं पत्र मिळालं. मुलगी १७ वर्षांची, विज्ञान शाखेत, मार्क चांगले, स्कूबाचं ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेट झालेलं. तुम्ही हौसेने तिला वॉटरप्रूफ हाउसिंग (कवच) आणि दोन स्ट्रोबसकट (पाण्याखालचे फ्लॅश) कॅमेरा घेऊन दिलात. तिने शार्कचे फोटो काढावेत, १८ पूर्ण व्हायच्या आत एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकावी, अशी तुमची इच्छा आहे, आणि त्यासाठी कोणता कोर्स करावा असं तुम्ही विचारलंय. पण पत्राखाली तुम्ही ता. क. म्हणून चार वाक्यं लिहिलीत: ‘मागच्या डाइव्हला कान दुखतो म्हणून अर्ध्यातून वर आली. सगळा खर्च वाया गेला. अशी घाबरली तर कसं व्हायचं? तिला जरा समजवा.’ मी तिथेच अडकले.

तिला मी काही समजावणार नाही. जे सांगायचंय ते तुम्हाला.

पाण्यात पहिल्या १० मीटरांतच दाब दुप्पट होतो. मधल्या कानातली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. नाक दाबून, हलकेच फुंकून तो दाब सारखा करत करत खाली जायचं असतं. नाही जमलं तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही कान मोकळा झाला नाही, तर त्या दिवसापुरतं डायव्हिंग संपलं. दुखत असताना जोर लावून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. आतल्या कानाला इजा झाली तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं, आणि पाण्याखाली गरगरायला लागलं तर वर कुठे आणि खाली कुठे हेही कळत नाही. तुमच्या मुलीला शिकवलं होतं तेच तिने केलं. समोर शार्क दिसण्याची आशा असताना, वर बाबा वाट बघत असताना केलं. मला तर ही मुलगी भित्री वाटत नाही.

डायव्हिंगच्या जगात एक नियम सगळीकडे मानला जातो: कोणीही, कुठलीही डाइव्ह, कुठल्याही कारणाने, कधीही थांबवू शकतो, आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही. तुम्ही जाब विचारलात. पुढच्या वेळी कान दुखेल तेव्हा तिच्या मनात तुमच्या खर्चाचाही विचार येईल. १८ मीटर खोलीवर तो विचार तिच्या डोक्यात असावा असं तुम्हाला वाटतं का? त्यात हातात कॅमेरा. समोर फ्रेम जुळून आली की हात स्थिर ठेवायला श्वास रोखावासा वाटतो, टाकीतली हवा बघायचं राहून जातं. श्वास रोखून माणूस नकळत वर सरकला तर फुफ्फुसांतली हवा फुगून फुफ्फुस फाटू शकतं. अनुभवी फोटोग्राफरलाही इथे स्वतःला आवरावं लागतं, मग बक्षिसाचं ओझं घेऊन उतरलेल्या मुलीचं काय?

तुमच्या पत्रात एक समज पक्का दिसतो, तो म्हणजे शार्कच्या फोटोला धाडस लागतं. शार्कच्या ५०० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत. जगभरात काही आगळीक न करता शार्क माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साधारण ६०-७० नोंदल्या जातात. उलट १९७० पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि त्याचं मुख्य कारण आपली बेसुमार मासेमारी. फोटोग्राफरची खरी अडचण असते ती शार्क लांब राहण्याची. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. स्ट्रोबचा प्रकाश फार लांब पोचत नाही, आणि मधल्या पाण्यातले कण उजळले की फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. म्हणजे शार्क अगदी जवळ यायला हवा, तोही आपण होऊन. मागे लागलं की तो निघून जातो. जो एका जागी तरंगत, शांत श्वास घेत थांबू शकतो, त्याच्या जवळून तो जातो.

आणि कुठे थांबायचं? फिलिपिन्समधल्या मालापास्कुआ बेटाजवळ थ्रेशर शार्क खोल समुद्रातून वर येतात ते अंग साफ करून घ्यायला. क्लीनर रॅस नावाचे बोटाएवढे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की शार्क दिसायच्या जागी नेलं, तरी ही आपली एका खडकापाशी घुटमळत ‘कसल्याशा निळ्या पट्ट्याच्या माशाचे’ फोटो काढत राहिली. तो मासा बहुधा हाच असावा! रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, शार्क कुठे येईल हे ज्यांना कळतं, ते आधी अशा लहान माशांना ओळखायला शिकलेले असतात. तिला कोणी न सांगता ते दिसायला लागलंय.

म्हणून माझा सल्ला तुमच्या प्रश्नापासून थोडा दूर जाणारा आहे. नुसत्या समुद्राखालच्या फोटोंवर पोट भरणारी माणसं जगात फार थोडी. बाकीचे डाइव्ह इन्स्ट्रक्टर असतात, संशोधक असतात, माहितीपटांसाठी चित्रीकरण करतात, आणि फोटो त्या कामातून येतात. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., पुढे सागरी जीवशास्त्र. सोबत स्कूबाचे पुढचे टप्पे: अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि १८ नंतर डाइव्हमास्टर. कोर्सचं इतकंच. तिची नजर रीफच्या अभ्यासाकडे वळलेली दिसते, आणि तिथे फोटोला वेगळीच किंमत आहे. व्हेल शार्कच्या कल्ल्यांमागच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. ताऱ्यांचे नकाशे जुळवायची एक गणिती पद्धत २००५ च्या सुमारास या ठिपक्यांना लावली गेली, आणि आज डायव्हरांनी काढलेल्या फोटोंवरून एकेक व्हेल शार्क वर्षानुवर्षं ओळखला जातो. त्या फोटोला प्रकाशाची नाट्यमयता लागत नाही. बाजूने सरळ घेतलेला, ठिपके स्पष्ट दिसणारा हवा.

आता लगेच करायचं ते. तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. सर्दी असताना गोळी घेऊन डाइव्ह करू देऊ नका, कारण गोळीचा असर खाली असताना ओसरला तर वर येताना कान अडकतो. पुढच्या काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय होऊ द्या. नवख्या डायव्हरचं लक्ष स्क्रीनवर असतं आणि मागे पायातल्या फिनचा फटका प्रवाळाला बसतो. भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, तुटलं की ते दशकांचं नुकसान. आधी तरंगण्यावर ताबा येऊ दे.

स्पर्धेचा अर्ज तिने आपणहून मागितला तर द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कॉलेजांची आणि प्रवेशांची सविस्तर माहिती मी तिलाच कळवीन.