वाचकांचे प्रश्न : गट वाढले, मग वादळाची धास्ती का?

प्रश्न : अमेरिकेतल्या रेड-कॉकेडेड सुतारपक्ष्याला ऑक्टोबर २०२४मध्ये ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात टाकलं. तरीही हवामानबदलाचा त्याला मोठा धोका आहे म्हणतात. हे कसं?

उत्तर : आकडा खरोखर सुधारलाय. १९७०च्या दशकात जेमतेम १,४७० कुटुंबगट उरले होते. आता व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत ११ राज्यांत ते ७,८००च्या आसपास आहेत. ग्यानबाची मेख झाडात आहे.

हा पक्षी जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो, तीही म्हाताऱ्या. लाँगलीफ पाइन असेल तर साधारण ८० वर्षांपुढचा, कारण तोवर बुरशीने गाभा मऊ झालेला असतो. तरीही एक ढोली पुरी व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. तोंडाभोवती टोचे मारून तो राळ वाहती ठेवतो; त्या चिकट खोडावर सापाची डाळ शिजत नाही. पण ढोलीपाशी खोड पोकळ, त्यामुळे वादळात ते बहुधा तिथेच मोडतं. सप्टेंबर १९८९मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनातली ढोल्यांची ८७ टक्के झाडं एका रात्रीत गेली, पक्षी ६३ टक्के. समुद्र तापतोय तशी जबर वादळं वाढताहेत, आणि शंभरीचं झाड काही रोपवाटिकेत मिळत नाही.

म्हणून खोडात तयार ढोल्या, म्हणजे लाकडी पेट्या, बसवतात. पेटी सीडरच्या लाकडाची. बसवायच्या उंचीवर खोडाचा व्यास किमान ३८ सेंमी हवा. चेनसॉने खाच पाडायची, पेटी घट्ट ठोकायची, फटी लाकडाच्या पुट्टीने बुजवायच्या. इथे हयगय चालत नाही : फट राहिली की राळ आत झिरपते आणि पक्षी चिकटून मरतो. तोंड साधारण ४.५ सेंमी, त्याभोवती धातूची पट्टी ठोकतात, नाहीतर थोराड पाइलिएटेड सुतारपक्षी भोक रुंदावून घर बळकावतो. गटातला प्रत्येक पक्षी रात्री वेगळ्या ढोलीत झोपतो, त्यामुळे गटामागे निदान चार ढोल्या लागतात.

‘ह्यूगो’नंतर तिथले गट सावरले ते अशा पेट्यांमुळेच. म्हणजे आजचा आकडा बराचसा माणसांच्या राबण्यावर उभा आहे.

शिवाय जंगल दर २-३ वर्षांनी नियंत्रित आगीने जाळावं लागतं. ते चुकलं की ओकची झाडं ढोलीच्या उंचीला भिडतात आणि पक्षी जागा सोडून जातात. उष्णता आणि दुष्काळ वाढले, की आग आटोक्यात राहील असे दिवसच कमी होतात.