शरदातल्या पहिल्या कॅम्पिंगला निघताय? मग एवढं बघा

पहिल्याच खेपेला एका दिवसात तीन धबधबे आणि दोन घाट बसवू नका. नवखे हमखास इथेच फसतात. सकाळी एक धबधबा, दुपारी निवांत ड्राइव्ह, बस्स. या दिवसांत अंधार लवकर पडतो, म्हणून चार वाजता तंबूपाशी परत असा हिशेब ठेवा. हेडलॅम्प मात्र दिवसाच्या ट्रेकलाही पिशवीत हवाच.

पानांचे रंग आधी उंचावर चढतात, मग खाली उतरतात. वर पानगळ झालेली दिसली तर हिरमुसू नका, गाडी खाली दरीकडे वळवा. ओल्या पानांच्या थरावर मात्र ब्रेक जोरात दाबू नका, टायर सरळ घसरतात.

धबधब्याजवळचा काळा, चकचकीत दगड म्हणजे शेवाळ. चांगले बूटही तिथे घसरतात. फोटोसाठी कड्याच्या वरच्या टोकाला जाणं तर साफ टाळा. खालून धबधबा दिसतोही जास्त छान.

आता थंडीचं:

- तंबू अगदी पाण्याकाठी, खोलगट जागी नको. रात्री गार हवा तिथेच साचते आणि सकाळी तंबू आतून ओला. थोडा चढावर लावा.
- सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, मोज्यांचा कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी.
- १००० मीटर चढलात की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. पायथ्याचा अंदाज बघून स्लीपिंग बॅग निवडू नका.

स्टोव्ह, तंबूचे प्रकार वगैरे पुढच्या वेळी. आधी एक रात्र काढून या.