शॉकअप नवे, टकटक जुनीच!

प्रश्न : नमस्कार काका, मी जुळे सोलापूरला राहतो, गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, दर गुरुवारी अक्कलकोटला जाणं असतं. दोन महिने झाले पुढनं डाव्या बाजूला टक-टक-टक आवाज येतोय, उखडलेला रस्ता लागला की जास्त, हायवेला काहीच नाही. गॅरेजवाल्यानं लिफ्टवर चढवून बघितलं, म्हणाला शॉकअप गेले, दोन्ही बदलले, नऊ हजार गेले आणि आवाज आहे तिथंच! आता म्हणतोय लोअर आर्म (चाकाला खालनं धरून ठेवणारा दांडा) बदलू. गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवरनं सरळ गेलं तर आवाज येत नाही ओ. बायको म्हणते गाणी मोठ्यानं लावा. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गाणी आधी बंद करा आणि लोअर आर्मला इतक्यात हात लावू देऊ नका. तुम्ही ज्याला गंमत म्हणताय ना, त्यातच उत्तर आहे की!

पुढच्या दोन चाकांच्या मध्ये खालनं एक आडवा बार असतो, वळणावर गाडी फार कलू नये म्हणून, त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. त्याची दोन्ही टोकं एकेका बारीक लिंकनं शॉकअपला नाहीतर आर्मला जोडलेली असतात, आणि लिंकच्या टोकाला छोटे बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा फिरतो तसले सांधे. आता स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार आपल्या रबरात नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही, म्हणून लिंकवर जोरच येत नाही. उखडलेल्या रस्त्याला मात्र एक चाक वर तर एक खाली, बार पिळतो, लिंक कधी ओढली जाते कधी दाबली जाते, आणि जॉइंट ढिला झाला असेल तर दर खड्ड्याला टक. शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग (ते बॉडीला जिथं बसतं तो भाग) गेलं असतं तर स्पीडब्रेकरवर आधी धप्प झालं असतं. म्हणून माझा पहिला संशय लिंकवर.

मग गॅरेजवाल्याला लिफ्टवर का नाही सापडलं? कारण लिफ्टवर दोन्ही चाकं सारखी लोंबकळतात, बारला पीळ बसत नाही, लिंकवर जोर येत नाही आणि ढिला जॉइंट सहज कळत नाही. लै गॅरेजात इथंच फसतात. गाडी चाकांवर उभी पाहिजे, गॅरेजातल्या खाली उतरून बघायच्या खड्ड्यावर नाहीतर रॅम्पवर, एकानं बाहेरनं गाडी डुलवायची आणि दुसऱ्यानं खालनं लिंकवर हात ठेवायचा, ठोका हाताला कळतो. तरी शंका असेल तर दोन्ही लिंका खोलून बार कुठं आपटणार नाही असा बांधायचा आणि कॉलनीतल्या कॉलनीत हळू एक चक्कर मारायची. आवाज गायब झाला तर विषयच संपला. (तशी गाडी हायवेला न्यायची नाही, वळणावर जास्त कलते.) लिंक शॉकअपच्या मानानं लै स्वस्त, बदलायला तासभर पण लागत नाही. काही छोट्या गाड्यांत लिंक नसतेच, बार थेट आर्मला असतो, तिथं त्याचे बुश, म्हणजे जोडावरचे रबर, बघायचे.

लिंक चांगली निघाली तर पुढं दोन गोष्टी. आवाज चालू असताना ब्रेक अगदी हलका दाबून धरा, थांबला तर सस्पेन्शन नाही, ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) खडखडतोय, पिना झिजल्या असतील. आणि नवे शॉकअप बसवताना वरचा नट नीट आवळलाय का तेही बघून घ्या, तो ढिला राहिला तर हुबेहूब असाच आवाज येतो, मग नऊ हजारवाल्यानंच तो फुकट आवळून द्यावा.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट मात्र चेक करून घ्याच, चाक उचलून खालनं टॉमीनं (लोखंडी पहारीनं) ढकलून बघतात. तो हलत असेल तर अक्कलकोट एक गुरुवार राहू द्या, कारण जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. आणि आर्म बदलावाच लागला तर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू दे. लोंबकळत्या चाकावर आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे एक वाक्य मिस्त्रीला सांगितलं तर राग येईल त्याला, येऊ द्या. नंतर अलाइनमेंट करायचं.

प्रश्न : पार्किंगमध्ये गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की टंग्ग असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो, चालताना काही नाही.
– होटगी रोडवरून

उत्तर : शॉकअपच्या वर एक बेअरिंग असतं, स्टेअरिंगबरोबर स्प्रिंग फिरावी म्हणून. ते धुळीनं जाम झालं की स्प्रिंग अडकते, पिळते आणि एकदम सुटते, तोच टंग्ग. बोनेट उघडा, एकाला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि माउंटिंगच्या टोपीवर हात ठेवा, झटका बोटांना लागतो. पण स्वतः खोलायच्या भानगडीत पडू नका, दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर असलेल्याकडंच जा. आणि फुल वळवून गाडी चालवताना कट-कट-कट येत असेल तर ते वेगळं, तो एक्सलचा बाहेरचा जॉइंट.

प्रश्न : उन्हाळ्यात पुढनं कर्र-कर्र येतं, वॉशिंगवाला खालनं डिझेल मारतो, आठ दिवस बरं वाटतं, परत सुरू. दर महिन्याला मारलं तर चालेल का?
– एक वाचक, बाळे

उत्तर : नाही! डिझेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं, आज गप्प बसलेला बुश वर्षभरात फाटलेला मिळेल. आपल्या इथं ऊन चाळिशीच्या वर जातं, त्या उष्णतेनं रबर आधीच वर्षागणिक कडक होत जातं, त्यात ही भर कशाला? बाटलीत साधं पाणी घ्या, एकेका बुशवर थोडं ओता आणि गाडी दाबून बघा, ज्याच्यावर पाणी पडल्यावर कर्र थांबलं तो बुश आवाज करतोय. चिरा पडल्या असतील तर बदला, नसतील तर रबराला चालणारा सिलिकॉन स्प्रे मारा.

आणि हे सगळं करायच्या आधी सगळ्यांनीच डिकी रिकामी करा बरं का. मी स्वतः दोन दिवस मागच्या शॉकअपचा आवाज शोधत होतो, शेवटी स्टेपनीच्या खळग्यातनं शेंगा चटणीची बरणी निघाली.