‘सगळी सिमं चालतात’ म्हणाले, आणि घरी एकही चालेना

प्रश्न : केज तालुक्यातला शेतकरी आहे. कापूस विकून आलेल्या पैशातून लेकीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून जुना आयफोन १३ घेतला, ३१,००० रुपयांना. ‘अमेरिकेचा पीस आहे, सगळी सिमं चालतात’ असं दुकानदार म्हणाला. घरी आल्यावर कुठलंही सिम टाकलं तरी ‘सिम नॉट सपोर्टेड’ येतं. आता तो म्हणतो, ‘८०० रुपयांत चिप टाकतो, नाहीतर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) फिरवून देतो.’ कच्च्या पावतीवर ‘नो गॅरंटी’ लिहिलंय. बारा दिवस झालेत. लॉकचा फोन घेतला म्हणून मीच अडकेन का?

उत्तर : दादा, आधी मनातली भीती काढा. नेटवर्क लॉक असलेला फोन विकत घेणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि तो फक्त आपल्याच सिमवर चालेल असं कुलूप घालतात. हे कुलूप कंपनीच्या नोंदीत असतं, त्यामुळे पॅटर्न काढून किंवा फोन फॉरमॅट करून ते निघत नाही. आपल्याकडचा जिओफोनही जिओच्याच सिमवर चालायचा, पण ते घेणाऱ्याला आधीच माहीत असायचं. तुम्हाला ते सांगितलं नाही, आणि तुमची सगळी केस याच मुद्द्यावर उभी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(१०)मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्यात माल कमी पडला तर तोही दोषच. ‘सगळी सिमं चालतात’ हा तसा दावा आहे. जुना माल घेणाराही ग्राहकच असतो. ‘नो गॅरंटी’ची ओळ पुढे कधी बिघाड झाला तर दुकानदाराच्या कामी येईल. विकतानाच दडवलेली गोष्ट त्या ओळीखाली झाकता येणार नाही. त्याच कायद्यात पक्कं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीदेखील तशीच प्रथा. तुमचे बारा दिवस गेलेत, म्हणून याच आठवड्यात हालचाल करा.

आता दुकानदाराने सुचवलेले दोन उपाय. चिप म्हणजे सिमखाली ठेवायची पातळ पट्टी. तिने कुलूप निघत नाही, फोनला फक्त चकवलं जातं, आणि एखाद्या अपडेटनंतर ती बंद पडू शकते. शिवाय ती बसवून घेतलीत तर उद्या तो म्हणेल, ‘फोन चालत होता, यांनीच बिघडवला.’ आयएमईआयला तर कुणाला हातही लावू देऊ नका, हे कळकळीनं सांगतो. दूरसंचार कायदा, २०२३च्या कलम ४२नुसार त्यात फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आज तुम्ही फसवले गेलेले आहात. ते काम करून घेतलंत तर आरोपीच्या रांगेत जाल. हा फोन काही न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा विचारही नको.

सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. ‘कॅरिअर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ नसेल तर फोन लॉक आहे. त्या पडद्याचा फोटो घ्या. मग स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय पाहा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तपासा. तिथे ‘ब्लॅकलिस्टेड’, म्हणजे बंदीच्या यादीत, असं आलं तर प्रकरण वेगळं होतं. मग फोन दुकानात न देता पावतीसह पोलिस ठाण्यात जा आणि लेखी कळवून पोच घ्या.

नंबर स्वच्छ निघाला तर दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. कुलूप मूळ कंपनीकडून अधिकृतपणे काढून द्या, नाहीतर १५ दिवसांत पूर्ण पैसे परत करा, एवढंच लिहा. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या साधारणपणे फोनचे पैसे फिटलेले असले आणि तो चोरीच्या यादीत नसला तर कुलूप काढतात, पण तो पाठपुरावा विकणाऱ्याने करायचा, तुम्ही नव्हे. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद पुसू नका. यापुढे फोनवर वाद न घालता जे काही असेल ते लिहूनच विचारा.

तरी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, किंवा थेट बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दुकान संभाजीनगरात असलं तरी तिकडे खेटे घालायची गरज नाही. कलम ३४नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत ३१,००० रुपये, त्यावरचं व्याज, बीडला येण्याजाण्याचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई असं वेगवेगळं मागा. निकाल लागेपर्यंत फोन बंद करून डब्यात ठेवा. तोच तुमचा मुख्य पुरावा आहे.