तिकिटावर टोपणनाव नको, चटणी पिशवीत नको

‘रस्सा_आधी’ ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुना घोळ डोळ्यांपुढे आला. सहा जण मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरला येताय, सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे, आणि गमतीत दोघांच्या नावाच्या रकान्यात ‘शेंगासम्राट’ आणि ‘मिरची आत्या’ ही आपल्या ऑनलाइन कट्ट्यावरची टोपणनावं गेलीयत. कडक भाकरी श्रीखंडाशी चालते का, हेही तुम्ही विचारलंय, ते मागून बघू. आधी तिकीट सोडवा.

ई-तिकिटावर त्या पीएनआरवरच्या निदान एका प्रवाशाने मूळ ओळखपत्र दाखवायचं असतं. त्यामुळे बरेच जण म्हणतील, चौघांची नावं बरोबर आहेत, बसा निवांत. मी तसं सांगणार नाही. टीसीने नेमकं त्या दोघांना नाव विचारलं, तर रात्रीच्या गाडीत वाद घालत बसाल.

नावबदलाची सोय आहे, पण ती आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको एवढ्यांपुरती, आणि अर्ज गाडी सुटण्याच्या २४ तास आधी द्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या गटाला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला ४८ तास आधी संस्थाप्रमुखाच्या किंवा वऱ्हाडप्रमुखाच्या अर्जावर काही नावं बदलता येतात. आपण कट्ट्यावरचे नुसते मित्र, यातल्या कशातच बसत नाही.

इथेच लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. एका आरक्षण केंद्रावर आमच्या कट्ट्यातल्या माणसांना पहिली खिडकी म्हणाली, ऑनलाइनचं ऑनलाइनच बघा. दुसरी म्हणाली, साहेब जेवायला गेलेत. साहेब आले तेव्हा कळलं की मित्रांसाठी हा अर्ज घेतच नाहीत. हे पहिल्याच खिडकीला एका वाक्यात सांगता आलं असतं! तोवर दुसऱ्या तिकिटाची वेटिंग वाढत गेली. म्हणून खिडकीवर जायचंच असेल, तर थेट मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना भेटा. सोबत तिकिटाची प्रिंट, ओळखपत्राची प्रत आणि दोन प्रतींत अर्ज ठेवा. अर्ज घेतला तर एका प्रतीवर शिक्का मागा.

माझ्या मते तुमच्यासाठी सरळ वाट अशी. आधी त्याच गाडीत दोन जागा कन्फर्म मिळतात का बघा आणि खऱ्या नावाने, ओळखपत्रावर आहे तसंच लिहून काढा. मगच जुन्या पीएनआरमधली फक्त ती दोन नावं निवडून रद्द करा. उलट केलंत तर सुटलेल्या जागा वेटिंगवाल्यांकडे जातात, तुमच्याकडे परत येत नाहीत. उरलेल्या चौघांसाठी नवी स्लिप काढून घ्या. जितका उशीर, तितकी कपात जास्त. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. नियम बदलत असतात, तेव्हा १३९ वर एकदा विचारून घ्या.

लॉजवरही खरीच नावं द्या, तिथे प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. जानेवारीत संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा खोली आधीच धरा.

आता खाणं. श्रीखंड-भाकरी करायची तर करा की ओ, पण भाकरी त्यात भिजवू नका. श्रीखंड घट्ट असतं, भाकरी ते शोषत नाही, वरून नुसती चिकट होते. कडक भाकरीला पातळ आणि गरम काहीतरी लागतं. ताटात बारीक चुरा, वर आमटी किंवा मटणाचा रस्सा ओता, दोन मिनिटं थांबा, मग कालवा. गोडच हवं असेल तर खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शोधा, वर दूध-तूप.

शेंगा चटणी कुटलेलीच घ्या. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, म्हणून ती ओलसर आणि चकचकीत दिसते, बोटांत दाबली की गोळा होतो. भुरभुरीत कोरडी दिसली तर बहुतेक मिक्सरची. घेण्याआधी वास घ्या, खवट असेल तर लगेच कळतं. हेच तेल परतीच्या प्रवासात प्लॅस्टिकच्या पिशवीतून झिरपतं, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच आणा.

भाकऱ्या वेगळ्या, कडक डब्यात, आडव्या रचून ठेवा. बर्थखाली सरकवलेल्या बॅगेत ठेवल्या तर घरी चुराच पोचेल. दमट हवेने मऊ पडल्या तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेका आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.