खोळंब्याचे दिवस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. परवापासून तुझा ट्रक गोदामाच्या फाटकाबाहेर उभा, परतीचं भाडं लागत नाही, मागच्या फेरीचं बिल अडकलेलं, आणि शेवटी तू लिहिलंयस, "हा धंदा बहुतेक माझा नाही." ते वाक्य मी तूर्तास बाजूला ठेवतोय. उभ्या गाडीत बसून लिहिलेलं आहे ते. गाडी चालू असताना असं बोललेला तू मला आठवत नाहीस.

या कामात माणूस चालवून दमतो, पण खचतो तो थांबून. दमलेल्याला झोप पुरते. खोळंबा झाला की मात्र राग कुणावर काढावा तेच कळत नाही. फाटकावरचा माणूस नुसता नंबर लिहून घेतो. हमालांची टोळी आपल्या पाळीने येते. माल पाठवणारा म्हणतो कागद गेले, उतरवून घेणारा म्हणतो आलेच नाहीत. दोष कुणाच्याच पदरात पडत नाही, म्हणून तो हळूहळू आपल्याच पदरात येऊन पडतो. तुझं तेच झालंय.

माल्कम मॅक्लीन नावाचा एक अमेरिकन ट्रकवाला होता. 1930 च्या दशकात कापसाचे गठ्ठे घेऊन तो बंदरावर गेला आणि दिवसभर रांगेत अडकला. एकेक गठ्ठा गाडीतून उतरतोय, जहाजावर चढतोय, आणि हा बघत बसलाय. ही आठवण पुढे त्यानेच सांगितली. गाडीचा अख्खा डबाच उचलून जहाजात ठेवता येणार नाही का, हा विचार त्याने सोडला नाही. 26 एप्रिल 1956 ला त्याचं 'आयडियल-एक्स' हे जहाज 58 डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. आज आपण ओढतो ते कंटेनर त्या वाटेने आले. तू काही शोध लावावास म्हणून हे सांगत नाही. त्या रांगेत बसून त्याला खोट दिसली ती कामाच्या पद्धतीत, स्वतःत नाही. एवढंच तुझ्यापर्यंत पोहोचवायचं होतं.

आता पद्धतीचंच बोलू. किती तास फुकट थांबायचं आणि त्यापुढे गाडी अडवून ठेवल्याचे, म्हणजे हॉल्टिंगचे, पैसे कोण देणार, हे भाडं ठरतानाच लेखी घे. गाडी पोहोचली की फाटकावर वेळ नोंदवून घे, नोंदीचा फोटो काढ. माल उतरला की पोहोच पावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस, आणि ती पावती त्याच दिवशी पाठव. बिलं अडकतात ती बरेचदा या एका कागदापायी. हे केलंस तरी खोळंबा होणारच. पण आपल्या बाजूचं सगळं नीट आहे हे माहीत असलेला माणूस रांगेत वेगळा बसतो.

आणि थांबलास की आधी झोप. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. 1997 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला होता: सलग 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतकी घसरते, आणि 24 तास जागल्यावर जवळपास 0.10 टक्क्याइतकी. अशा डोक्याने गाडी चालवू नये हे तुला ठाऊक आहे. अशा डोक्याने आयुष्याचा हिशेबही मांडू नये. पहाटेच्या अंधारात आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप मंदावतं, त्याच वेळी मनात सगळ्यात वाईट विचार येतात. मी तर म्हणेन, रात्री दोननंतर आलेला कुठलाही निर्णय उजाडेपर्यंत ग्राह्य धरू नकोस. युरोपियन संघात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे. तुझ्यावर तशी सक्ती कुणी करो न करो, तू स्वतःवर कर.

मंदीचं वेगळं. ती येते आणि जाते, पण आपल्याला विचारून नाही. अमेरिकेत 2021 मध्ये भाडी इतकी चढली की माणसं धडाधड गाड्या घेऊन धंद्यात उतरली. 2022 मध्ये दर उतरले आणि पुढच्या वर्षी त्यातले कितीतरी छोटे मालक बाहेर फेकले गेले. ती सगळी माणसं आळशी किंवा अडाणी नव्हती. चढत्या भाड्याच्या भरवशावर हप्ता ठरवला, तिथे ती अडकली. म्हणून दोन रकाने ठेव. गाडी उभी असली तरी लागणारा खर्च एकीकडे: हप्ता, विमा, पगार. गाडी फिरली तरच लागणारा दुसरीकडे: डिझेल, टायर, टोल. परत यायचंच आहे, तर रिकामी आणण्यापेक्षा, माल आणल्यामुळे वाढणारा खर्च निघून थोडं उरेल असं भाडं उचल. पण ते मिळेपर्यंत दिवसचे दिवस घालवू नकोस, कारण पहिला रकाना त्या दिवसांतही चालूच असतो. चांगल्या महिन्यातली शिल्लक याच रकान्यासाठी राखायची असते. आकडे समोर मांडले की भीती नाहीशी होत नाही, पण तिला माप येतं.

घरी फोन रोज कर, गाडी उभी असतानाच. भाडं मिळालं की नाही याच्या पलीकडचंही काही बोल. तुझ्या आवाजावरून घरातली माणसं आपला दिवस ठरवतात.

तुझ्या त्या वाक्याला आता उत्तर देतो. पोटभर झोप झाल्यावर, बिल हातात पडल्यावर, चार चांगल्या फेऱ्या झाल्यावरही तुला तसंच वाटलं, तर खुशाल सोड. त्यात कमीपणा नाही आणि मी स्वतः तुझ्यासाठी दुसरं काम बघेन. पण अवघड उतारावर तू गाडी आधीच खालच्या गिअरला घेतोस, ब्रेक तापू देत नाहीस, ताडपत्रीची दोरी दोनदा ओढून बघतोस. हे मी पाहिलंय. इतकी काळजी सगळ्यांच्या अंगी नसते.

अडकलेल्या बिलाची पोहोच पावती आणि दोन्ही रकान्यांचे आकडे मला पाठव. ज्यांच्याकडे पैसे थकलेत त्यांना लेखी काय विचारायचं, ते आपण मिळून ठरवू. पण आधी झोप काढ.

तुझा,
काका