रुजू होण्याआधी एवढं ऐक

नायब तहसीलदार म्हणून सोमवारी रुजू होतोयस, मनापासून आनंद झाला. पहिला आठवडा साहेबांच्या मागेमागे फिरू नकोस, आवक-जावक नोंदवही घेऊन बस. कुठला अर्ज कुठे अडलाय, ते तिथंच कळतं. बदल्या आणि विलंबाबाबतच्या 2005 च्या कायद्यानुसार फाईल एका टेबलावर साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. हे कलम मला नोकरीत बऱ्याच उशिरा कळलं.

माझ्या पहिल्या तालुक्यात वारस नोंदीची एक फाईल आठ महिने पडून होती. तिच्यावर ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा, चार वेळा. चर्चा कधी झालीच नाही. ज्यांचा तो अर्ज होता, त्या आजींच्या पिशवीत एसटीच्या तिकिटांची जुडी होती. प्रत्येक हेलपाट्याचं तिकीट त्यांनी जपून ठेवलं होतं. ती जुडी अजून डोळ्यांसमोर येते. म्हणून ‘चर्चा करावी’ लिहिलंस, तर त्याच दिवशी चर्चा कर.

तोंडी आदेश आला की टिपणीत नोंदव. सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली माजी कॅबिनेट सचिव टी.एस.आर. सुब्रमणियन यांच्या खटल्यात तेच बजावलंय. आणि जुन्या अव्वल कारकुनाला मान दे. इंग्रजांनी वसुलीसाठी बसवलेली महसूल खात्याची ही चौकट कुठे आवळते, ते त्यालाच नेमकं ठाऊक असतं.